आपल्यातले

“गुरुजी, हा शिरा चालेल, की नवा करायचा?”

काकूंनी दिवाणखान्यात येऊन मला विचारले. आवाज खाली होता, पण पुरेसा खाली नव्हता. इथे परदेशात, अल्बनीतल्या या नव्या घरांत स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंतच नसते. मी चौरंगाला केळीच्या खुंटांऐवजी परसातल्या कर्दळीचे दांडे बांधत होतो. शेगडीपाशी प्रज्ञा उभी होती. हातात उलथणे. ती माझ्याकडे पाहत होती.

ज्यांच्या घरी सत्यनारायण होता, त्या यजमानांच्या मातोश्री म्हणजे या काकू. पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. प्रज्ञा त्यांच्या सुनेची मैत्रीण, इथल्या रुग्णालयात परिचारिका. सुनेला पाळीची अडचण होती म्हणून प्रसाद करायला ती आपण होऊन आली होती. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सगळे मोजून घेतले होते. दूध ओतत असताना तिचा फोन वाजला. हात मोकळे नव्हते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“जय भीम, बाळा. जेवलीस का?” पलीकडून तिची आई.

“जय भीम, आई. पूजेला आलेय गं. शिरा करतेय. मग बोलते.”

एवढेच. फुलवाती वळणारे काकूंचे हात थांबले. त्या उठल्या आणि माझ्याकडे आल्या.

मी उत्तर दिले.

“नवा केलेला बरा.”

तीन शब्द. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते. ‘प्रसाद प्रसादच असतो’ एवढे म्हणायला तितकाच श्वास लागला असता.

प्रज्ञाने शेगडी बंद केली. उलथणे कढईच्या कडेवर नीट ठेवले. “रवा मंद आचेवर भाजला होता, काकू,” ती म्हणाली. “करपला नव्हता.”

“अगं, रागावू नकोस हं. देवाचं असतं ना, म्हणून. तू जेवायला मात्र नक्की थांब.”

ती थांबली नाही. दाराशी चपला पायांत सरकवल्या आणि गेली. काकूंनी कढई उचलून उष्ट्या-खरकट्याच्या हिरव्या डब्यात पालथी केली. शिऱ्यावर तूप चकाकत होते. मग मी आचमन केले, संकल्प सोडला, पाच अध्याय वाचले. जिभेवर एकही स्वर चुकला नाही. आज त्याचीच सर्वांत अधिक लाज वाटते.

आता जे लिहायचे ते लिहितो. मी महार आहे. हे वाक्य स्वतःच्या हाताने कागदावर उतरवायला मला बहात्तर वर्षे लागली.

मी शाळेत असताना आमच्या तालुक्याला पाठांतराची स्पर्धा झाली. संस्कृत श्लोक. शाळेतल्या शास्त्रीबुवांनी मला खिडकीबाहेर उभे करून शिकवले होते, कारण वर्गात बसवले असते तर इतरांचे पालक आले असते. मी पहिला आलो. बक्षीस होते पितळी फुलपात्र. प्रमुख पाहुण्यांनी कागदावरचे माझे नाव वाचले. आडनावापाशी त्यांचा आवाज किंचित अडखळला. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी फुलपात्र माझ्या हातांच्या खाली, फळ्यांच्या व्यासपीठावर ठेवले. टक्कन आवाज झाला. मी वाकलो. उचलले. नमस्कारही केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी वडिलांना सांगितले. त्यांनी फुलपात्राकडे पाहिलेही नाही. एवढेच म्हणाले, “उचललंस कशाला?”

वडिलांनी तोवर धर्म सोडला होता. घरातले देवांचे टाक त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. मी मात्र त्या भाषेत गुंतलो होतो. खोटे कशाला सांगू? मला तिचा लळा लागला. पहाटे श्लोक म्हणताना मला जे लाभत असे ते आजही लाभते. माझी श्रद्धा कधीच उसनी नव्हती. उसने होते ते नाव.

तेही शास्त्रीबुवांनीच सुचवले. पुढच्या शिक्षणासाठी मी शहरात निघालो तेव्हा ते म्हणाले, “विद्या तुझी आहे. आडनाव तेवढं बदल. गावाचं नाव लाव, पुढे कर जोड. कोणी विचारणार नाही.” त्यांचा हेतू मायेचा होता. त्यांचे खरे ठरले. कोणी विचारले नाही. पुढे मी संस्कृतचा शिक्षक झालो, आणि शिक्षक म्हणूनच निवृत्त झालो.

वसतिगृहात एकदा वडील आले. डोक्यावर शेंगांचे गाठोडे. दारातूनच म्हणाले, “जय भीम.” खोलीत आम्ही चौघे जण होतो. एकाने विचारले, “कोण रे?” मी म्हणालो, “गावाकडचे आहेत. ओळखीचे.” वडिलांनी गाठोडे उतरवले, पाणी प्यायले आणि दुपारच्या एसटीने परत गेले. पुन्हा ते त्या शहरात आले नाहीत. मी त्यांना कधी विचारले नाही. त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

पत्नी गेल्यावर मी मुलीकडे, याच शहराच्या हेन्डरसन भागात आलो. मुलगी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथल्या मराठी मंडळींना कळले की संस्कृत जाणणारे कोणी आले आहे. बोलावणी सुरू झाली. काकूंनी पहिल्याच भेटीत मला न्याहाळून म्हटले होते, “आपल्यातले दिसता. कोकणस्थ की देशस्थ?” मी हसलो. हसणे हेही उत्तर असते. संकल्पात गोत्र उच्चारावे लागते. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप म्हणावे, अशी शास्त्राने सोय ठेवली आहे. ती दया आहे. मी तिचा आडोसा केला.

त्या पूजेनंतर तिसऱ्या दिवशी मी राबाईंकडे गेलो.

राबाई म्हणजे रब्बी, यहुदी लोकांचे धर्मगुरू. नव्वदी ओलांडलेले. काळा लांब कोट, काळी टोपी, कानशिलांवरून उतरलेल्या दोन पांढऱ्या बटा. त्यांच्यात हसिद म्हणून एक भक्तिपंथ आहे, गात-नाचत प्रार्थना करणारा. राबाई त्या घराण्यातले. मुलीच्या दुकानातून त्यांची औषधे जात, आणि दोन गल्ल्यांचे अंतर असल्याने ती पोचवण्याचे काम मी मागून घेतले होते. वर्षभरात आमची बैठक जमली. ते मला ‘पंडित’ म्हणत. बोलणे इंग्रजीत, त्यांचे एका वळणाचे, माझे दुसऱ्या. येथे मी ते मराठीत देतो.

“पंडित, आज तुम्ही काही पुटपुटत आला नाहीत,” दार उघडताच ते म्हणाले. “तब्येत बरी नाही, की देवाशी भांडण?”

मी बसलो आणि शिऱ्याची हकीकत सांगितली. मात्र अशी, जणू ती दुसऱ्याची आहे. एक पुजारी होता. त्याची जात हलकी समजली जाई. त्याने ती लपवली होती. त्याच्याच जातीच्या एका मुलीचा असा अपमान झाला आणि त्याने त्याला मान डोलावली.

राबाईंनी गोळी पाण्याबरोबर घेतली. “त्या पुजाऱ्याला कशाची भीती होती?”

“ओळखले जाण्याची.”

“ओळखले गेले असते, तर त्याला कुठे नेलं असतं?”

कुठे नेले असते? कुठेही नाही. पूजेची बोलावणी थांबली असती. काकूंनी चहा दिला असता, कदाचित वेगळ्या कपात.

“मी विचारतो, कारण आम्हाला नेत असत,” राबाई म्हणाले. आणि मग, वर्षभरात जे कधी बोलले नव्हते, ते बोलले.

युद्ध आले तेव्हा ते पोलंडमधल्या एका खेड्यात सात-आठ वर्षांचे होते. वडिलांना आधीच नेले होते. एका सकाळी आईने कात्री घेतली आणि त्यांच्या कानशिलांवरच्या बटा कापल्या. “तिचा हात थरथरत नव्हता,” ते म्हणाले. “मला ते फार दिवस आवडलं नाही.” शेजारच्या ख्रिस्ती घरातला एक मुलगा तापाने गेला होता, त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला आईने मिळवला होता. त्या मेलेल्या मुलाचे नाव तिने त्यांच्याकडून पाठ करून घेतले. झोपेतून उठवून विचारी, “नाव काय?” बरोबर नाव येईपर्यंत उठवत राही. मग त्यांना दूरच्या एका शेतकऱ्याकडे पोचवले. आई परत आली नाही. युद्ध संपेपर्यंत त्यांनी बदके राखली, गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, डुकराचे मांस खाल्ले.

“त्याचा पश्चात्ताप होतो?” मी विचारले.

“मुळीच नाही. ज्या नावाने जीव वाचतो ते पाप नसतं. आमचं शास्त्र इथे अगदी स्पष्ट आहे, आणि शास्त्राआधी माझी आई स्पष्ट होती. माझं पाप नंतरचं आहे, पंडित. युद्ध संपलं. अठराव्या वर्षी बोटीने मी इथे आलो. इथे मला मारायला कोणीही नव्हतं. तरी मी त्या मेलेल्या मुलाचं नाव उतरवलं नाही. चौदा वर्षं त्याच नावाने सुतारकाम केलं. का? तर ते अंगाला बसलं होतं. त्या नावाला लोक चटकन काम देत. त्या नावाबरोबर कोणी माझ्या नाकाकडे दोनदा पाहत नसे.”

मी माझ्या गुडघ्यांकडे पाहत होतो.

मग एका सकाळी, फळ्या खांद्यावर घेऊन ते शहरातल्या एका गल्लीतून चालले होते. एका दारात एक म्हातारा उभा होता. आत नऊ माणसे. त्यांतल्या एकाचा बाप गेला होता आणि त्याला बापासाठीची प्रार्थना म्हणायची होती. दहा पुरुष असल्याखेरीज ती म्हणता येत नाही. म्हाताऱ्याने त्यांच्या घरगुती भाषेत हाक मारली, “आपल्यातला का रे तू?” राबाईंनी इंग्रजीत उत्तर दिले, “मला तुमची भाषा कळत नाही.”

“न कळणाऱ्या भाषेला फारच चटकन उत्तर दिलंस,” म्हातारा म्हणाला.

हे सांगताना राबाई मोठ्याने हसले. तेव्हा मात्र ते पुढे चालत गेले होते. बसथांब्यावर उभे राहिले. एक बस सोडली. दुसरी सोडली. आत नऊ माणसे आणि एक मेलेला बाप. परत आले तेव्हा ती नऊ माणसे तशीच उभी होती.

“त्यांनी मला नाव विचारलं नाही. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. आकडा गुरांचा आणि कैद्यांचा. आम्ही दहा शब्दांचं एक वचन म्हणतो, एकेका माणसावर एकेक शब्द. दहावा शब्द माझ्यावर पडला. खांद्यावरच्या फळ्या मी तोवर उतरवल्यासुद्धा नव्हत्या.”

त्यानंतर त्यांनी खरे नाव पुन्हा धारण केले. बटा वाढवल्या. परदेशी जाऊन धर्माचे शिक्षण घेतले, लग्न केले, आणि परतले ते याच शहरात, जिथे त्यांच्या पंथाचे दुसरे कोणीही नव्हते. गॅरेज रिकामे करून प्रार्थनाघर केले. बाके स्वतः बनवली. शुद्धिस्नानाला पावसाचे पाणी लागते, म्हणून पत्र्याच्या छपराची पन्हळ वळवून परसात कुंड बांधले. मुलांना अक्षरे शिकवताना त्यांची पत्नी पाटीवरच्या अक्षरांना मध लावी आणि ती चाटायला सांगे. दारात कोणी उभा राहिला की तो कोण, कोणाचा, धर्म किती पाळतो, हे विचारायचे नाही, असा त्यांचा दंडक. आधी आत घ्यायचे.

“आजही एखाद्या सकाळी नऊच असतात,” ते म्हणाले. “मग आम्ही थांबतो.”

निघताना मी दारात घोटाळलो. मला काहीतरी हवे होते. त्यांनी ते ओळखले.

“मी तुम्हाला क्षमा देऊ शकत नाही, पंडित. देवही देऊ शकत नाही. त्याचा शिरा कोणी फेकला नाही. ज्या बाईचा फेकला तिच्याकडे जा. आणि तीही क्षमा द्यायला बांधलेली नाही.”

मी ‘तो पुजारी’ म्हणत राहिलो होतो. ते पहिल्यापासून ‘तुम्ही’ ऐकत होते.

त्या संध्याकाळी मी मुलीला सांगितले. तिने भाजी चिरायची थांबवली नाही. “प्रज्ञा आमच्या दुकानात येते. तिने मला त्याच दिवशी फोन केला होता, बाबा. मी तुम्हाला विचारलं नाही.”

“का?”

“विचारलं असतं तर मलाही काहीतरी करावं लागलं असतं ना.”

आमच्या घरात शांतता कशी वाढली जाते ते मला तेव्हा दिसले. मीच ती वाढली होती, तिच्या ताटात, लहानपणापासून.

रविवारी मी अवोन्डेलच्या बाजारात गेलो. मेथीच्या जुड्यांपाशी काकू भेटल्या. बरोबर त्यांच्या ओळखीच्या दोन बायका.

“गुरुजी! बरे भेटलात. यंदा आमच्या गणपतीची प्रतिष्ठापना तुमच्याच हातून हं. आणि या वेळी अगदी निर्धास्त राहा,” त्या जवळ सरकल्या, “सगळे आपल्यातलेच आहेत.”

धर्मशास्त्र सांगते की प्रायश्चित्ताचे पहिले अंग ख्यापन. केलेले पाप आपल्या तोंडाने, चारचौघांत उच्चारणे. हे मी कित्येक विद्यार्थ्यांना समजावून दिले होते. स्वतः कधी उच्चारले नव्हते.

“काकू, मी आपल्यातला नाही.”

“म्हणजे देशस्थ का? अहो, चालतं हो आता!” त्या हसल्या.

“मी महार आहे.”

हसू तोंडावर तसेच राहिले, मागचे काहीतरी निघून गेले. “काहीतरीच काय, गुरुजी! तुमचे उच्चार केवढे शुद्ध!”

“उच्चार शुद्ध आहेत. तो शिराही शुद्ध होता. मी खोटे बोललो.”

बरोबरच्या बायकांतली एक मेथीची पाने मोजल्यासारखी निरखू लागली. काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मग तेव्हाच सांगायचं होतं ना,” त्या म्हणाल्या. आवाज दुखावलेला होता. “आम्ही तुमच्या पाया पडलो.”

“तेव्हाच सांगायला हवे होते. हे तुमचे खरे आहे. पण मी सांगितले असते, तरी पाया पडण्यात तुमचे काय गेले, तेही एकदा मनाला विचारा.”

त्या निघून गेल्या. मला मोकळे वाटले नाही. वाटायला हवे होते असे पुष्कळ ठिकाणी वाचले आहे.

बाजारातूनच मी मुलीने दिलेल्या पत्त्यावर, प्रज्ञाच्या घरी गेलो. तिने दार उघडले. अंगात कामाचा निळा पोशाख, केस बांधायचे राहिलेले.

“जय भीम,” मी म्हणालो.

“तो शब्द नका वापरू. निदान आज तरी.”

मी दारातच उभा राहून सगळे सांगितले. आडनाव, वडील, वसतिगृह, काश्यप. तिने मध्ये तोडले नाही. रुग्णाचे दुखणे ऐकावे तसे तिने ऐकले.

“म्हणजे काकूंना कळत नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्हाला कळत होतं.”

“हो.”

“मग तुमचं जास्त वाईट.”

“हो.”

“माझ्या आईने फोनवर तो आवाज ऐकला होता, माहितेय? कढई पालथी केल्याचा नाही. तोवर मी निघाले होते. तुमचा. मी फोन बंद करायचा विसरले होते. ती विचारत होती, कोण गं ते गुरुजी, किती शांत बोलतात.”

मी दाराची चौकट धरली.

“माफी मागायला आलात ना?”

“मागायचा अधिकार नाही. सांगायला आलो.”

“सांगितलंत. मला ड्यूटीला निघायचंय.” तिने किल्ल्या उचलल्या. “मी तुमचं मन हलकं करणार नाही, काका. ते तुमचं तुम्ही वागवा.”

ती गाडीत बसून गेली. मी चालत घरी आलो. तिने मला क्षमा केलेली नाही. ती करील असे धरून मी काही करणार नाही.

पूजेची बोलावणी थांबली आहेत. मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणी काही लिहिले नाही. माझे नाव तेवढे यादीतून गेले. मुलीच्या दुकानात येणाऱ्या दोन कुटुंबांनी दुकान बदलले. ती म्हणाली, “जाऊ देत.” पहिल्यांदाच ती माझ्यापेक्षा मोठ्याने बोलली.

जुन्या आडनावाचा अर्ज मी भरला आहे. त्यात बदलाचे कारण विचारतात. मुलगी म्हणाली, वैयक्तिक असे लिहा. मी लिहिले: आधीचे नाव भीतीने नव्हे, सोयीने घेतले होते. माझे वडील ज्या नावाने मेले त्या नावाने मी मरणार आहे. हा त्यांचा सन्मान नव्हे. त्यांना त्याचा आता काही उपयोग नाही.

श्लोक मी सोडणार नाही. देवही सोडणार नाही. कोणी म्हणतील, महाराने हे का धरून ठेवावे. कोणी म्हणतील, महाराने याला का हात लावावा. दोघांनाही मी उत्तर द्यायला बांधलेला नाही. पण यापुढे कोणी बोलावले, तर उंबऱ्याबाहेर उभा राहून आधी जात सांगेन आणि मगच पाय धुवीन. पूजा चालू असताना त्या घरात कोणाच्याही हातातली पळी काढून घेतली गेली, तर मी आसनावरून उठेन. मंत्राच्या मध्यावर उठेन. आरंभलेले कर्म अर्धे टाकणे हा दोष आहे, हे मला यजमानापेक्षा चांगले कळते. तो दोष मी घेईन. देव चौरंगावर तसाच बसलेला राहील, अर्धा पुजलेला, आणि मी त्या घरातून बाहेर पडेन.